जर्मनीच्या खतावणीतील काही पाने

परदेश सहलीला निघालेल्या आपल्या मंडळींचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. जेवणाचे काय, आणि सगळे धरून रुपयांत किती? यंदा ज्येष्ठातली श्रुतपंचमी आटोपून आम्ही एकतीस जण जर्मनीच्या सहलीस निघालो, तेव्हा हे दोन्ही प्रश्न दोन महिने आधीच निकालात निघाले होते. आमच्यासोबत दोन महाराज, त्यांची भांडी, शेगड्या आणि मूगडाळ, पोहे, मेथीची थेपली, खाखरे, लोणची असा सामानाचा स्वतंत्र संच होता. रत्नागिरीचे आम्ही नऊ, चिपळूणचे चार, बाकीचे कोल्हापूर, सांगली आणि इचलकरंजीचे. कापड, किराणा, भांडी, सराफी आणि आंबा-काजूचा व्यापार करणारी ही घरे. त्यांत बँकेतून निवृत्त झालेला नोकरदार मी एकटाच, त्यामुळे पहिल्याच दिवशी सर्वांनी मला ‘साहेब’ करून टाकले आणि सामायिक खर्चाची वही माझ्या हाती दिली.

जेवणाबद्दल थोडे सांगतो, कारण पुढे जाणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. जून महिन्यात जर्मनीत सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांची त्यामुळे गंमतच होते. संध्याकाळी सातला जेवून उठल्यावरही बाहेर आपल्याकडच्या चार वाजल्यासारखे ऊन असते आणि घड्याळ पाहिल्याखेरीज दिवस संपल्याचे मनाला पटत नाही. याच दिवसांत तिकडे पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम असतो. तो २४ जूनला संपतो असा प्रघात आहे. ऊन लागू नये म्हणून कोंबावर मातीचे वरंबे चढवतात, त्यामुळे तो पांढरा राहतो. मातीबाहेर वाढू दिला तर तोच कोंब हिरवा होतो. मग हे कंदमूळ म्हणायचे की नाही? हायडेलबर्ग ते न्यूरेंबर्ग या प्रवासात बसमध्ये यावर जी चर्चा झाली, तिच्यापुढे नेकर नदी, किल्ला आणि द्राक्षांचे मळे यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. निर्णय शेवटपर्यंत झाला नाही आणि महाराजांनी शहाणपणाने ती भाजी विकतच घेतली नाही.

अकरा दिवस, आठ शहरे असा आमचा कार्यक्रम होता. अशा सहलीत शहर पाहणे म्हणजे शहराला हजेरी लावणे होय, हे मान्य करूनच निघावे. दोन तासांत रोटेनबुर्ग, अर्ध्या दिवसात हायडेलबर्ग. रोटेनबुर्ग तटबंदीच्या आत वसलेले सुबक गाव आहे. तिथे दुकाने पुष्कळ आहेत आणि आमच्या मंडळींनी ती मनापासून पाहिली. एवढेच त्याविषयी पुरे. जिथे पाय थोडा वेळ थबकला आणि मनात काही हिशेब सुरू झाला, त्या ठिकाणांविषयीच मी येथे लिहीत आहे.

बसच्या चालकाचा एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. युरोपात चालकाने सलग साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घेतलीच पाहिजे, असा कायदा आहे. गाडीतील यंत्र प्रत्येक मिनिटाची नोंद ठेवते. एकदा मुक्कामाचे ठिकाण अवघ्या बारा-पंधरा मिनिटांवर असताना आमच्या चालकाने गाडी विश्रांतीस्थळी वळवली आणि शांतपणे कॉफी घेत बसला. आमचे सहल व्यवस्थापक विनवू लागले, कोणी चिक्की पुढे केली. चालकाने चिक्की घेतली, आभार मानले आणि पंचेचाळीस मिनिटे पूर्ण झाल्यावरच जागचा उठला. गाडीत नाराजी होती. माझ्यातला लेखापरीक्षण सोसलेला अधिकारी मात्र खूश झाला.

पहिला मुक्काम कोलोन. तेथील कॅथेड्रलची पायाभरणी १२४८ साली झाली आणि बांधकाम पूर्ण झाले १८८० साली. म्हणजे ६३२ वर्षे! सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि काम थांबले. अर्धवट बुरुजावरची लाकडी यारी पिढ्यान्‌पिढ्या तशीच उभी राहिली. १८४२मध्ये काम पुन्हा सुरू झाले, तेही जुन्या मूळ आराखड्याबरहुकूम. आज त्याचे मनोरे १५७ मीटर उंच आहेत आणि दगड सतत झिजत असल्याने दुरुस्तीचे पथक कायम नेमलेले आहे. परात बांधलेली दिसली, तेव्हा सांगलीचे एक गृहस्थ म्हणाले, “अजून काम चालूच आहे की!” मार्गदर्शक बाई हसून म्हणाल्या की, ज्या दिवशी हे काम संपेल त्या दिवशी जग बुडेल, अशी आमच्या गावात म्हण आहे. आपल्याकडे एखाद्या जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार म्हणजे बहुधा जुने पाडून संगमरवराचे नवे बांधणे. येथे जुन्या दगडाच्या जागी तसाच दगड घडवून बसवायचा आणि त्याची नोंद ठेवायची, हेच जीर्णोद्धाराचे स्वरूप आहे.

याच कोलोनमध्ये १८५० साली हेर्मान याकोबी यांचा जन्म झाला. आपल्या समाजातील जुन्या पिढीला हे नाव परिचित असेल. मार्गदर्शक बाईंना ते ठाऊक नव्हते आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही. याकोबींविषयी पुढे लिहितोच.

न्यूरेंबर्गला दुपारी मोकळा वेळ होता. बाजारपेठेतून चालताना मार्गदर्शकाने थांबवून फरसबंदीकडे बोट दाखवले. दगडांमध्ये दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीची एक पितळी पाटी बसवलेली होती. तिच्यावर एक नाव, जन्मसाल, कोणत्या तारखेला कोठे नेले आणि कोठे मृत्यू आला, एवढाच मजकूर. ज्या घरातून नाझी राजवटीने माणसाला नेले, त्याच घरासमोर ही पाटी बसवतात. गुंटर डेम्निग या शिल्पकाराने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे काम सुरू केले. एक लाखावी पाटी २०२३ साली याच न्यूरेंबर्ग शहरात बसवली गेली. ती वाचायची तर मान खाली घालावी लागते.

आम्ही सारे वाचत उभे होतो तेव्हा कोणीतरी विचारले, “हे काय करायचे?” म्हणजे धंदा कोणता? मार्गदर्शकाला त्या विशिष्ट माणसाविषयी माहिती नव्हती, पण त्याने १९३८च्या नोव्हेंबरमधील त्या रात्रीविषयी सांगितले. ९ आणि १० नोव्हेंबरच्या दरम्यान जर्मनीभर ज्यूंची सुमारे साडेसात हजार दुकाने फोडली गेली, प्रार्थनास्थळे जाळली गेली. त्यानंतर जे झाले ते बँकेच्या माणसाला अधिक अस्वस्थ करणारे आहे. नुकसान ज्यूंचे झालेले असताना सरकारने ज्यू समाजालाच एक अब्ज मार्कांचा दंड ठोठावला. दुकानांचे विमे उतरवलेले होते, परंतु विम्याची देय रक्कम सरकारने परस्पर जप्त केली आणि फुटलेल्या काचा स्वखर्चाने भरण्याचा आदेश दुकानदारांना दिला. मग ती दुकाने मातीमोल किमतीत इतरांच्या नावे झाली. हे सर्व रीतसर कागदपत्रे, शिक्के आणि पावत्यांनिशी झाले. दरोडेखोराने लुटले तर माणूस पेढीकडे आणि न्यायालयाकडे धावतो. पेढी, विमा कंपनी आणि न्यायालय यांनीच मिळून लुटले तर त्याने जायचे कोठे?

आमच्या गटातील बहुतेक घरे संख्येने लहान अशा समाजातली, पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठेत बसलेली. त्या पाटीपाशी नेहमीची गडबड झाली नाही. कोल्हापूरचे सराफ पुढे निघताना एवढेच म्हणाले, “साहेब, यांचे गिऱ्हाईक शेजारीच राहत असणार.”

ऑग्सबर्गला मी मुद्दाम जायचे म्हणून हट्ट धरला होता. मूळ कार्यक्रमात ते नव्हते. न्यूरेंबर्गहून म्युनिकला जाण्याऐवजी एक दिवस येथे द्यावा, असे मी सुचवले तेव्हा काहींनी कुरकुर केली, कारण म्युनिकमध्ये मोटारींचे संग्रहालय आहे. शेवटी मी याकोब फुगर या सावकाराची गोष्ट बसमध्ये ध्वनिवर्धकावरून सांगितली आणि मत फिरले.

फुगर घराणे मूळचे विणकर आणि कापडाच्या व्यापारातले. याकोब फुगरचा जन्म १४५९चा. व्हेनिसला राहून त्याने तेथील हिशेबपद्धती शिकून घेतली, मग चांदी आणि तांब्याच्या खाणींवर कर्जे देत देत तो युरोपातील सर्वांत मोठा सावकार झाला. १५१९ साली पाचव्या चार्ल्सला सम्राटपद मिळावे म्हणून मतदार राजेरजवाड्यांना जी रक्कम वाटली गेली, ती साडेआठ लाख गुल्डनच्या घरात होती आणि तिच्यातील सुमारे ५,४४,००० एकट्या फुगरच्या पेढीने उभे केले. पुढे वसुली थकली तेव्हा त्याने सम्राटाला स्पष्ट शब्दांत पत्र लिहून, माझ्यावाचून हा मुकुट आपणांस लाभला नसता, याची आठवण करून दिली. थकबाकीदार कितीही मोठा असला तरी नोटीस द्यावीच लागते.

आपल्या किनाऱ्याशीही या घराण्याचा संबंध आला आहे. १५०५ साली फ्रान्सिस्को द अल्मेडाच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीज आरमार हिंदुस्थानाकडे निघाले. त्यातील तीन जहाजांमध्ये ऑग्सबर्ग आणि न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांचे भांडवल होते. वेल्सर हे त्यातले मोठे भागीदार आणि फुगरही त्यात होते. मिरी मलबारातून युरोपात गेली, नफा ऑग्सबर्गच्या वहीत जमा झाला. याच अल्मेडाने १५०८च्या अखेरीस आमच्या जिल्ह्यातील दाभोळ बंदर लुटून जाळले. फुगरच्या दारात उभे असताना हे मंडळींना सांगितले तेव्हा चिपळूणच्या शेठांनी त्या दरवाजाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले.

परंतु हा सावकार आज ज्यामुळे लक्षात राहिला आहे ती गोष्ट वेगळी. १५२१ साली त्याने आपल्या गावातील कष्टाळू पण गरजू लोकांसाठी एक वसाहत धर्मादाय करून दिली. तिचे नाव फुगराय. पिवळ्या रंगाच्या दुमजली घरांच्या रांगा, मधून सरळ गल्ल्या, एक लहान चर्च, सभोवती भिंत आणि दरवाजे. आजही तेथे सुमारे दीडशे माणसे राहतात. वर्षाचे भाडे एक ऱ्हाइन गुल्डन असे ठरले होते. त्या काळी ती कारागिराची साधारण आठवड्याची मजुरी होती. पाचशे वर्षांत भाडे वाढले नाही. आजच्या चलनात ते होते वर्षाला ८८ सेंट, म्हणजे एक युरोही नाही. राहणारा ऑग्सबर्गचा, गरजू आणि कॅथलिक असला पाहिजे आणि त्याने दात्याच्या कुटुंबासाठी रोज तीन प्रार्थना म्हणाव्यात, एवढ्या अटी. आम्हा पाहुण्यांना एका वेळी आत जाण्यासाठी जे प्रवेशशुल्क द्यावे लागले, त्यात रहिवाशाचे कित्येक वर्षांचे भाडे निघाले असते! हा व्यवहार आमच्या मंडळींना मनापासून पटला.

रात्री दहाला दरवाजा बंद होतो. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याला पन्नास सेंट द्यायचे, मध्यरात्रीनंतर एक युरो. प्रत्येक घराच्या घंटेची लोखंडी मूठ निरनिराळ्या आकाराची आहे. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी अंधारात हात लावून आपले दार ओळखता यावे, हा उद्देश. संगीतकार मोझार्टचे पणजोबा, धंद्याने गवंडी, उतारवयात येथेच राहिले होते.

मला कुतूहल होते ते यामागच्या व्यवस्थेचे. दान पुष्कळ लोक देतात. आपल्या गावोगावच्या धर्मशाळा, पाणपोया, पांजरपोळ पाहा. देणाऱ्याची भावना तितकीच खरी असते. पण पन्नास वर्षांत विश्वस्तांत वाद होतो, जागेची किंमत वाढते, भाडेकरू न्यायालयात जातो आणि शेवटी दारावरच्या संगमरवरी पाटीवर दात्याचे नाव तेवढे उरते. फुगराय टिकली याचे कारण ट्रस्टचे उत्पन्न वसाहतीच्या भाड्यावर अवलंबून ठेवलेले नाही. ते मुख्यतः ट्रस्टच्या मालकीच्या जंगलांतून येते. लाकूड कापायचे, त्याच वेळी पुढच्या पिढीसाठी रोप लावायचे. चलने आली आणि गेली. १९२३च्या महागाईत जर्मन मार्क कागदाच्या किमतीचाही राहिला नाही, आणि जी पुण्यखाती रोख्यांत गुंतलेली होती ती बुडाली. जंगल बुडाले नाही. फेब्रुवारी १९४४मध्ये बाँबहल्ल्यात वसाहतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. काही दिवसांतच, म्हणजे युद्ध संपायला वर्षाहून अधिक अवकाश असताना, घराण्याने ती पुन्हा बांधण्याचा ठराव केला. संग्रहालयात हे वाचताना इचलकरंजीचे एक विश्वस्त गृहस्थ खिशातून डायरी काढून टिपणे घेऊ लागले. घराण्याची पेढी केव्हाच संपली. धर्मादाय खाते चालू आहे.

ऑग्सबर्गहून लाइपझिगला पोहोचेपर्यंत सगळा दिवस गेला. हे व्यापाऱ्यांचे शहर. १४९७ आणि १५०७ साली सम्राट मॅक्सिमिलियन याने येथील जत्रांना खास सनदा दिल्या. १८९५ साली येथे एक नवी पद्धत रूढ झाली. माल गाडीभर आणायचा नाही, फक्त नमुने मांडायचे आणि नमुन्यावर मागणी नोंदवायची. आज आपला कापड व्यापारी नमुन्यांचे पुस्तक उघडून गिऱ्हाइकापुढे ठेवतो, त्या रिवाजाला मोठ्या प्रमाणावर व्यवस्थेचे रूप मिळाले ते येथे. शहराच्या मध्यभागी त्या काळची व्यापारी संकुले, आतून एकमेकांना जोडलेली, अजून उभी आहेत आणि आमच्या महिलामंडळाने त्यांचा योग्य तो उपयोग केला.

तेथून जवळच निकोलाय चर्च आहे. पूर्व जर्मनीत साम्यवादी राजवट असताना येथे दर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता शांतीसाठी प्रार्थना होई. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी प्रार्थनेनंतर सुमारे ७०,००० लोक हातात मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. पोलीस आणि सैन्य सज्ज होते. दगड पडला नाही आणि गोळीही सुटली नाही. बरोबर एका महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. अहिंसेविषयी आपण व्याख्याने पुष्कळ ऐकतो. एका संध्याकाळी सत्तर हजार माणसांनी एकाच वेळी तिचा प्रयोग केला, ती जागा पाहण्याचे समाधान निराळे आहे.

लाइपझिगपासून वीसेक किलोमीटरवर डेलित्श नावाचे छोटे गाव आहे. आमची बस तिकडे गेली नाही, जाण्यासारखे कोणाला काही वाटलेही नसते. पण रत्नागिरीतील प्रत्येक पतसंस्थेचा आणि नागरी सहकारी बँकेचा मूळपुरुष तेथला आहे. हेर्मान शुल्झ यांनी १८५० साली तेथे कारागीर आणि छोट्या दुकानदारांसाठी परस्पर पतपुरवठ्याची संस्था काढली. त्याच सुमारास ऱ्हाइनकाठच्या खेड्यांत फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी तशीच धडपड करीत होते. तारण नाही, पण शेजारी एकमेकांना ओळखतात, हेच तारण, ही त्यामागची कल्पना. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी या संस्थांचा अभ्यास करून १८९५ ते १८९७ दरम्यान अहवाल दिला आणि त्यातून १९०४ साली आपला पहिला सहकारी पतसंस्था कायदा आला. २०१६मध्ये युनेस्कोने सहकाराची ही कल्पना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. तो प्रस्ताव जर्मनीचा होता. म्हणजे राजवाडे, चर्च आणि चित्रे यांच्या पंक्तीला पतसंस्थाही वारसा म्हणून बसली. आयुष्यभर कर्जप्रकरणे तपासणाऱ्या माझ्यासारख्याला याचा आनंद झाला, हे येथे नोंदवून ठेवतो.

आता याकोबी. त्यांनी संपादित केलेले ‘कल्पसूत्र’ १८७९ साली याच लाइपझिगमध्ये छापले गेले. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, असा समज तोवर युरोपातील बऱ्याच विद्वानांचा होता. याकोबींनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पुराव्यानिशी दाखवून दिले की, ही स्वतंत्र आणि प्राचीन परंपरा आहे. पुढे १८८४ आणि १८९५मध्ये त्यांनी आचारांग, कल्पसूत्र, उत्तराध्ययन आणि सूत्रकृतांग यांची इंग्रजी भाषांतरे प्रसिद्ध केली. १९१३-१४मध्ये ते दुसऱ्यांदा भारतात आले, तेव्हा आपल्या समाजाने त्यांना ‘जैन दर्शन दिवाकर’ ही पदवी दिली. पण मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे त्यांचे पुस्तक निराळेच आहे. १८८६ साली लाइपझिगमध्येच त्यांनी महाराष्ट्री प्राकृतातील निवडक जैन कथांचे पुस्तक काढले, सोबत व्याकरण आणि शब्दकोश जोडून. महाराष्ट्री म्हणजे आपल्या मराठीची आजी. तिच्यातील जैन कथा जर्मन विद्यार्थ्यांसाठी जर्मनीत छापल्या जात होत्या, त्या वेळी महाराष्ट्रातील जैन घरांतली मुले काय वाचत होती, हा प्रश्न त्या रात्री हॉटेलात मला बराच वेळ जागे ठेवून गेला.

ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्श हे चर्च १९४५च्या फेब्रुवारीतील बाँबहल्ल्यानंतर दोन दिवसांनी कोसळले. पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा तसाच पडून होता. जर्मनी एक झाल्यावर १९९४मध्ये पुनर्बांधणी सुरू होऊन ती २००५मध्ये पूर्ण झाली. खर्चाचा मोठा भाग जगभरातील देणग्यांतून आला. ढिगाऱ्यातील एकेक दगड मोजून, क्रमांक देऊन, शक्य तेथे त्याच्या मूळ जागी बसवला आहे. जुने दगड काळे, नवे फिकट. त्यामुळे भिंत ठिपक्याठिपक्यांची दिसते. सौ.ला ते दृश्य आवडले नाही, सगळे एकसारखे धुऊन काढायला हवे होते, असे तिचे मत पडले. मला वाटते, त्या भिंतीत काय गेले आणि काय उरले ते स्वतंत्र रकान्यांत मांडले आहे. घुमटावरचा क्रूस एका ब्रिटिश सुवर्णकाराने घडवला. त्याचे वडील त्या हल्ल्यातील वैमानिकांपैकी एक होते.

बर्लिनला जाण्यापूर्वी पॉट्सडॅमच्या सांसूसी राजवाड्यात फ्रेडरिक राजाची समाधी पाहिली. साध्या शिळेवर फुलांच्या जोडीने बटाटे ठेवलेले होते! १७५६ साली या राजाने बटाट्याची लागवड करण्याचा हुकूम काढला, त्याची कृतज्ञता म्हणून लोक अजून बटाटे वाहतात. आमच्या एकतीस जणांपैकी पंचवीस जण बटाटा न खाणारे. तरी छायाचित्रे सर्वांनी काढली.

बर्लिनमध्ये फाटक, भिंतीचे अवशेष, संसदेचा काचेचा घुमट हे सर्व झाले. त्याविषयी सर्वत्र लिहिलेले असते. बेबेलप्लाट्झ नावाच्या चौकात मात्र जमिनीत एक काच बसवली आहे आणि तिच्याखाली पांढऱ्या रंगाची रिकामी कपाटे दिसतात. वीस हजार पुस्तके मावतील एवढी ती आहेत. १० मे १९३३ रोजी या चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. त्याच रस्त्यावर पलीकडे काही पावलांवर राज्य ग्रंथालयाची जुनी भव्य इमारत आहे. या ग्रंथालयाच्या संग्रहात जैन हस्तलिखितांचा युरोपातील एक मोठा ठेवा आहे, हे मी मंडळींना सांगितले.

हा ठेवा तिकडे गेला कसा? गेओर्ग ब्यूलर हे जर्मन पंडित १८६३ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले. मुंबई सरकारसाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्तलिखिते शोधून विकत घेतली. तो संग्रह आज पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत आहे. सरकारच्या परवानगीने १८७३ ते १८७८ या काळात त्यांनी बर्लिनसाठीही पोथ्या मिळवल्या. १८७३-७४च्या हिवाळ्यात राजपुतान्यातील ग्रंथभांडारे पाहायला ते गेले तेव्हा तरुण याकोबी त्यांच्यासोबत होते. बर्लिनमध्ये आल्ब्रेख्ट वेबर यांनी या पोथ्यांची वर्णने लिहिली. वाल्टर शुब्रिंग यांनी तयार केलेली जैन हस्तलिखितांची नवी सूची १९४४ साली छापली गेली. जर्मन शहरांवर रोज बाँब पडत होते त्या वर्षी! फुगरायच्या पुनर्बांधणीचा ठरावही त्याच वर्षीचा, हे तेव्हा लक्षात आले.

आमच्यात यावरून वाद झाला. “आपला ठेवा परक्यांनी नेला,” असे चिपळूणचे शेठ तावातावाने म्हणाले. मी त्यांच्याशी सहमत नव्हतो आणि आजही नाही. या पोथ्या पैसे मोजून घेतल्या गेल्या, त्यांची नोंद झाली, त्या वाचल्या गेल्या आणि आता त्यांतील कित्येकांची छायाचित्रे कोणालाही घरबसल्या पाहता येतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे उदाहरण मी दिले. शालेय शिक्षण आमच्या रत्नागिरीत, पुढे येथील हायस्कुलाचे मुख्याध्यापक. सरकारसाठी त्यांनीही गावोगाव पोथ्या शोधल्या, दिगंबर ग्रंथांविषयी अहवालात लिहिले आणि १८८५ साली जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. म्हणजे काम करणारा आपल्यातलाही होता. पोथ्या देणारे, विकणारे आणि विसरणारेही आपल्यातलेच होते.

हे बोलणे चालू असताना आमच्या गटातील रत्नागिरीचे एक कापड व्यापारी, तीन पिढ्यांची पेढी असलेले, गप्प उभे होते. रात्री जेवणानंतर ते माझ्याकडे आले. त्यांच्या मूळ घरी माळ्यावर एक शिसवी पेटी आहे. श्रुतपंचमीला तिची पूजा होते, वरचे बासन सोडून हळदकुंकू वाहतात, पुन्हा बांधतात. आत एकंदर किती पोथ्या आहेत, हे त्यांच्या आजोबांनंतर कोणी मोजलेले नाही. कोकणातील पाऊस, कसर आणि वाळवी यांचा हिशेब वेगळा सांगायला नको. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, “साहेब, यादी करायची म्हणजे नेमके काय काय लिहायचे?”

पावसाळ्यात पेटी उघडू नका, असे मी सांगितले. गणपती झाल्यावर, आश्विनातील कोरड्या उन्हाच्या दिवसांत आम्ही बसलो. ऊन थेट पोथ्यांवर पडू दिले नाही. माडीवर सावलीत पांढरी चादर अंथरली. जुन्या लांब खतावणीत रकाने आखले : क्रमांक, पानांची संख्या, लांबी-रुंदी, पहिली ओळ, शेवटची ओळ, लहियाचे नाव, संवत किंवा शक, सद्यःस्थिती. त्यांची नात भ्रमणध्वनीवर प्रत्येक पोथीच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे छायाचित्र घेत होती. दोन दिवसांत एकोणीस बासने झाली. सातांना कसर लागली आहे, तीन इतकी चिकटली आहेत की, ती जाणत्याखेरीज कोणी सोडवू नयेत, म्हणून तशीच ठेवली. एका बासनात पोथी नव्हतीच, त्यांच्या पणजोबांची उधारीची वही निघाली. तिलाही क्रमांक दिला आहे.

पोथ्या पुण्यास संस्थेकडे सोपवाव्यात की घरीच ठेवाव्यात, यावर तिघा भावांत अद्याप एकमत झालेले नाही. थोरल्यांचे म्हणणे, पूजेची वस्तू घराबाहेर जाऊ नये. धाकट्यांचे म्हणणे, माळा गळतो. यादीच्या तीन प्रती काढून तिघांना दिल्या आहेत आणि पेटी तूर्त माळ्यावरून खाली, कोरड्या खोलीत आणली आहे.